‘जवळच आहे’ म्हणणारी शेजारीण

‘जवळच आहे’ असं ती म्हणाली, की मी आधी बाथरूमला जाऊन यायचे. मग स्वेटर, मग कानटोपी, मग पर्समध्ये दोन पोळ्यांची गुंडाळी आणि लिंबाचं लोणचं. एवढं झाल्याशिवाय मी तिच्या गाडीत पाय ठेवत नसे. कारण तिचं ‘जवळ’ कधी चाळीस मैल असायचं, कधी नव्वद. एकदा तर जवळच म्हणून निघालो आणि समुद्र लागला.

ती मूळची ऑस्ट्रेलियाची. राहायला इंग्लंडात, एका खेड्यात, माझ्या मुलीच्या शेजारी. नाव सांगत नाही. तिला मराठी येत नाही हे खरं, पण हल्ली फोन समोर धरला की तो कुठल्याही भाषेतलं काहीही वाचून दाखवतो, आणि तिचा नवरा असल्या उद्योगांत तरबेज आहे.

मी कसबा पेठेतली. पस्तीस वर्षं तिथल्या एका खोलीत बसून मी बायकांचे ब्लाउज शिवले. आमच्याकडे नदी ओलांडून कोथरूडला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून चर्चा चालते. तशात मी या बाईच्या हाती सापडले.

मुलीचं बाळंतपण झालं म्हणून सहा महिन्यांसाठी गेले होते. तेवढाच व्हिसा मिळतो, आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायका असे सहा महिने काढून आलेल्या आहेत. ‘हे’ आले नाहीत. कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, घरात बसून काय करणार होते? पण म्हणाले, “तिथं मला ओळखतंय कोण? इथं निदान लोक मला टाळतात तरी.” मुलगी तालुक्याच्या गावातल्या इस्पितळात, लॅबमध्ये. तिथं घरं महाग, म्हणून जावयांनी खेड्यात घर घेतलेलं. बारा घरं, एक चर्च, दिवसाला दोन बस, आणि बाकी सगळ्या मेंढ्या.

गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी बाळाची दुपटी कुंपणावर वाळत घालत होते. शेजारच्या दारातून एक उंच बाई बाहेर आली. पन्नाशीची. अर्धी चड्डी, डोक्यावर मोठी टोपी आणि पाय अनवाणी. मी शाल, स्वेटर आणि दोन मोजे घालून कुडकुडत होते. तिनं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “उघडतंय.” दहा मिनिटांत माझी सगळी दुपटी भिजली. ती पावसातच उभी होती, आणि अजून वरच बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, फिरायला येणार का. मी म्हटलं, नको. आता, आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे काही ‘नको’ नसतं. समोरच्यानं आणखी दोनदा म्हणायचं असतं, अहो चला हो, काय होतंय, मग आपण उठायचं. ही बाई ‘बरं’ म्हणाली आणि गाडी सुरू करून निघूनही गेली. मी पर्स घेऊन दारात. मुलगी आतून हसतेय. “आई, त्या जे ऐकतात ते खरं मानतात,” ती म्हणाली.

हे वाक्य मी तेव्हाच नीट मनावर घ्यायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी पहिल्याच फटक्यात ‘यस’ म्हटलं आणि तिथून आमच्या सहली सुरू झाल्या. शनिवारी जावई घरी असायचे, बाळाला तेच बघायचे, त्यामुळे मला सुट्टी. माझं इंग्रजी म्हणजे मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवर रात्रंदिवस बसून माझं मीच शिकलेलं. तुटकं आहे, पण मला बोलायची लाज नाही. मुलगी मला आई म्हणते हे ऐकून तीही मला ‘आई’ म्हणायला लागली. हे नाव नाही, नातं आहे, हे तिनं आधी विचारून घेतलं होतं. मग म्हणाली, “चालेल ना?” मी म्हटलं, चालेल.

तिच्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. मागच्या डिकीत चार घडीच्या खुर्च्या, दोरखंड, फावडं, चहाचा मोठा थर्मास आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन. मी विचारलं, पाणी कशाला एवढं? तर म्हणाली, तिच्या गावाकडे रस्त्यात गाडी बंद पडली आणि जवळ पाणी नसलं तर माणूस मरतो. इथं दर दोन मैलांवर चहाचं दुकान आणि आभाळातून सतत धार, पण कॅन भरलेला. आणि त्या चार खुर्च्या कधी उघडलेल्या मी पाहिल्या नाहीत. बसायला वेळच कुणाला होता? एक जागा बघून झाली की तिचा हात गाडीच्या किल्लीकडे.

घरातही तेच. तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या खुर्च्यांवर कोट टाकलेले. स्वतः चहा प्यायची तो मोरीशी उभी राहून, खिडकीतून बाहेर बघत. भिंतीला एक खिळा नाही. तसबिरी भिंतीला टेकवून जमिनीवर. जिन्याखाली खोकी, चिकटपट्टीसकट. नवरा गुरांचा डॉक्टर, त्याच्या नोकरीपायी दोन वर्षांसाठी म्हणून सगळी आली होती. त्याला अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, अगं, निदान तसबिरी तरी लाव. तर म्हणाली, “कशाला, आता जायचंच आहे.” आणि तिच्या नवऱ्यानं पेपरमागून माझ्याकडे असं बघितलं, की मी कप विसळायला घेतला.

मला ते नवं नव्हतं. मीही अकोल्याकडची. यांची बदली होईपर्यंत म्हणून पुण्यात आले आणि पहिली पाच-सहा वर्षं पितळेची भांडी पेटीतून काढली नव्हती.

तिच्या पाहुण्यांचं तर विचारू नका. मावसभाऊ, मावसभावाची मेहुणी, शाळेतल्या बाई, शाळेतल्या बाईंचा पुतण्या, सगळी तिकडून इकडे. घरात जागा नसली की बागेत तंबू. एक पूर्ण दिवस विमानात काढून आलेल्या माणसाला ती झोपू द्यायची नाही. एकदा झोपलं की आठवडा वाया जातो, असं तिचं शास्त्र. त्यामुळे स्टेशनवरून उचललं की थेट फिरायला. एक चांगले धिप्पाड गृहस्थ पडक्या किल्ल्याच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. हिनं त्यांना हलवून विचारलं, दृश्य आवडलं का. ते म्हणाले, फार.

तिची मुलं कॉलेजच्या वयाची. शनिवारी सकाळी गाडीचं दार वाजलं की ती दोघं घरातून अशी नाहीशी व्हायची, की मला त्यांचे चेहरे नीट आठवत नाहीत.

ठरलेला रस्ता असायचा. किल्ला, मग नदीकाठची जुनी गिरणी, आणि शेवटी टेकडी. टेकडीला एकशे बारा दगडी पायऱ्या. वरून म्हणे समुद्र दिसतो. मी नऊ वेळा चढले, समुद्र काही दिसला नाही. ‘उघडतंय’ मात्र नऊही वेळा ऐकलं.

आता खरं सांगते. माझे गुडघे त्याआधीच गेलेले होते. पस्तीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारल्यावर दुसरं काय होणार? चाळिसाव्या पायरीला उजव्या गुडघ्यात कळ यायची, सत्तराव्याला डाव्या. पण लोकांच्या देशात, लोकांच्या गाडीतून, लोकांचा थर्मास पिऊन यायचं आणि वर कुरकुरायचं, हे मला जमेना. मग मी एक युक्ती काढली. दम लागला की थांबायचं आणि एखाद्या फुलाकडे बोट दाखवायचं. “हाऊ ब्यूटिफुल!” फूल कसलं, गवतातलं काहीतरी पिवळं. पण ती बिचारी वाकून बघायची, त्याचं नाव सांगायची, तेवढ्यात माझा श्वास जागेवर यायचा. वर पोचल्यावर ती विचारायची, “दमलीस?” मी म्हणायचे, नो नो, फाइन. घरी आल्यावर दार लावून गुडघ्यांना तेल आणि गरम पाण्याची पिशवी. मुलीला सांगायचे, थंडीनं पाय आखडलेत.

तिच्याकडे एक निळी वही होती. छोटी, दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. मी ‘फाइन’ म्हटलं की ती त्यात काहीतरी लिहायची. मला वाटलं पक्ष्यांची नावं असतील, तिथल्या लोकांना तो नाद असतो. रस्त्यात बाक दिसला की ती त्यावर टेकायची, दोन्ही हातांनी दाबून बघायची, उठायची, लिहायची. चहाच्या दुकानात शिरल्यावर आधी खुर्च्यांना हात आहेत का ते बघायची. मी मनात म्हटलं, असेल एखादीचा स्वभाव. माझ्याकडेही एक बाई ब्लाउज घ्यायला यायच्या त्या आधी सगळी बटणं मोजायच्या.

रविवारी सकाळी ती बागेत उभी राहून तिच्या आईला फोन करायची. घरात रेंज नव्हती. कुंपणाच्या अलीकडे मी. त्यामुळे सगळं ऐकू यायचं, ऐकण्यासारखं काही नसायचं. कशी आहेस? मस्त. तू? मस्त. हवा? छान. दोन मिनिटांत फोन संपायचा. मग ती फोन हातात धरून बागेच्या दोन फेऱ्या मारायची.

मला माझी आई आठवायची. चौकातल्या पीसीओवरून मी फोन लावायचे, पलीकडे आई सोसायटीच्या ऑफिसात धावत आलेली असायची. मी म्हणायचे, मजेत आहे. तीही म्हणायची, मजेत आहे. असं आम्ही दोघी मजेत असतानाच एक दिवस ती गेली.

ऑगस्टमधली गोष्ट. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावून ती पार्किंगची चिठ्ठी घ्यायला गेली. वही सीटवर राहिली होती, उघडीच. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं. पण वर मोठ्या अक्षरांत ‘आई’ लिहिलं होतं, इंग्रजीत, आणि आपलं नाव दिसल्यावर कोण थांबेल?

आई, वय एकाहत्तर. टेकडी, पायऱ्या एकशे बारा. थांबली नाही. दमली नाही. फुलांची आवड आहे. अशा आठ ओळी, आठ शनिवारांच्या. किल्ल्याचं वेगळं पान, गिरणीचं वेगळं. बाक कुठे, स्वच्छतागृह किती पावलांवर. आणि टेकडीच्या पानाखाली जाड रेघ मारून लिहिलेलं: ‘मम’, म्हणजे तिची स्वतःची आई, चढेल.

ती आली तेव्हा वही माझ्या मांडीवरच होती. ती रागावली नाही. उलट तिचा चेहरा एकदम उजळला, आणि जे तिनं मला चार महिन्यांत सांगितलं नव्हतं ते गाडीत बसल्या बसल्या सांगितलं.

तिची आई शहात्तर वर्षांची, तिकडे एका आडगावात एकटी. भावाचं म्हणणं, आता वृद्धाश्रमात ठेवू. हिचं म्हणणं, माझ्याकडे येऊ दे. आईनं दोघांनाही एकच उत्तर दिलेलं: सप्टेंबरात तीन आठवडे येते. माझ्या पायांनी तिथं हिंडता आलं तर तुझ्याकडे राहीन. खिडकीत बसवून ठेवणार असशील तर ती मला इथंही आहे.

“मला काही माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. “म्हातारं माणूस किती चालतं, कुठं थांबतं. मी पाहुण्यांना नेऊन बघत होते, पण ते सगळे तरुण. मग तू आलीस. तुझ्यामुळे मला खात्री पटली, आई.”

आणि ती गाडीतून उतरली, म्हणून मीही उतरले. त्या दिवशीही चढले. नवव्यांदा. वर गेल्यावर तिनं विचारलं, दमलीस? मी म्हटलं, फाइन.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? मीही स्वतःला तेच विचारते. तिचा तो उजळलेला चेहरा बघून जीभ उचलली नाही, एवढंच.

घरी येऊन यांना फोन केला. सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “म्हणजे तू पोट आत घेऊन माप दिलंस.”

हा माझाच शब्द. ब्लाउजचं माप घेताना बायका श्वास रोखून पोट आत घेतात. टेप काढली की सोडतात. मग ब्लाउज घट्ट होतो आणि दोष शिंपिणीचा. माझ्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची ही सवय मला पाठ होती. मापाच्या वहीत मी न सांगता एक बोट जास्त धरायचे आणि आत कापडही जास्त ठेवायचे. आयुष्यभर मी बायकांना सांगत आले, बाई, मोकळा श्वास घे, मला खरं माप दे. आणि इथं एका भोळ्या बाईनं विश्वासानं टेप लावली तर मी नऊदा श्वास रोखून उभी. आणि तिला बिचारीला एक बोट जास्त धरायचं असतं हे कुठून माहीत असणार?

“सांगून टाक तिला,” हे म्हणाले. मी म्हटलं, सांगते. रोज सकाळी उठून मी ठरवायचे, आणि रोज ती कुंपणाशी येऊन सांगायची, आईसाठी पलंग आणला, आईसाठी खोली रंगवली. एका सकाळी ठकठक ऐकू आली म्हणून डोकावले, तर ती भिंतीत खिळा मारत होती. अकरा वर्षांतला पहिला. त्या खिळ्यानंतर तर माझी छातीच होईना.

तिची आई आली ती सकाळच्या विमानानं. नियम म्हणजे नियम; तिलाही झोपू दिलं नाही. दुपारी दीडला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी. मला मुद्दाम बरोबर घेतलेलं, नमुना म्हणून.

गाडीतून उतरली ती एक लहानखुरी, ताठ बाई. टोपी, लिपस्टिक, इस्त्रीचा स्कर्ट. माझ्याशी हात मिळवला तो चांगला दाबून. “तुम्हीच का त्या चढणाऱ्या,” म्हणाली. पण शिवणकाम केलेल्या बाईच्या डोळ्यांना काही गोष्टी आपोआप दिसतात. तिच्या स्कर्टचा घेर डाव्या बाजूला दोन बोटं उतरला होता. स्कर्ट नीट शिवलेला होता, माणूसच एका बाजूला कललेलं होतं.

आम्ही चढायला लागलो. पुढे तिची मुलगी, म्हणजे आमची शेजारीण, मागे वळून बोलत, हात हलवत, उघडतंय म्हणत. मध्ये आई. मागे मी. नऊ की दहा पायऱ्या झाल्या असतील. आई थांबली. कठड्याला धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. दुसऱ्या हातानं तिनं गवताकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “अगं, हे फूल किती सुंदर आहे.”

तेच ते पिवळं.

मुलगी टाळी वाजवून हसली. “तुम्ही दोघी अगदी सारख्या आहात,” म्हणाली, आणि फुलाचं नाव सांगायला वाकली.

मी तिथंच पायरीवर बसले. दगड गार होता, ओला होता. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, “मी दमले.”

“आज?”

“रोज. नऊही वेळा. मला फुलांची काही आवड नाही.”

एवढं बोलायला मला पाच महिने लागले होते. तिला ते लगेच कळलं नाही. तिनं वही काढली, पान उघडलं, माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. “पण तू म्हणालीस, फाइन,” ती म्हणाली. मी म्हटलं, “हो, म्हणाले. खोटं म्हणाले. आमच्याकडे तसं म्हणतात.”

तेवढ्यात तिच्या आईनं कठडा धरून हळूहळू स्वतःला खाली सोडलं आणि माझ्या शेजारी बसली. इस्त्रीचा स्कर्ट घालून, ओल्या दगडावर. मग म्हणाली, “बरं झालं बाई, तुम्ही आधी बसलात. मी आणखी पाच पायऱ्या काढल्या असत्या, पुढचं सांगता येत नाही.”

मुलगी आमच्या दोघींच्या वर उभी. मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती आम्हाला ओलांडून खाली गेली आणि गाड्या लावायच्या त्या मैदानाला फेऱ्या मारायला लागली. भरभर. एक, दोन, तीन. आम्ही दोघी वरून बघतोय.

“लहानपणीही अशीच,” आई म्हणाली. मग विचारलं, “वर आहे तरी काय?”

“वारा,” मी म्हटलं. “आणि मेंढ्या.”

“मेंढ्या मी पाहिल्यात.”

पाचव्या फेरीनंतर तिनं डिकी उघडली आणि त्या खुर्च्या काढल्या. अकरा वर्षं घडी करून ठेवलेल्या. एकीची बिजागरी गंजली होती, ती पायानं दाबून उघडावी लागली. मग वर आली, आईला एका हातानं आणि मला दुसऱ्या हातानं धरून खाली उतरवलं, दोन खुर्च्यांवर दोघींना बसवलं, चहा दिला. स्वतः उभी. आई म्हणाली, “बस गं.” ती म्हणाली, बसते, आणि गाडीचं टायर बघायला गेली.

ते तीन आठवडे आम्ही दोघी म्हाताऱ्या बागेत त्याच खुर्च्यांवर बसून काढले. मी तिच्या स्कर्टचा घेर उसवून पुन्हा घातला, ती कलते त्या अंगाच्या मापानं. आरशात बघून ती म्हणाली, कित्येक वर्षांत पहिल्यांदा सरळ दिसतेय. गळ्यातली साखळी सारखी करत मग म्हणाली, “तिला वाईट वाटेल, पण मी परत जाणार. तिकडे माझ्या खिडकीतून काय दिसतं ते मला पाठ आहे. इथं मला खिडकीत बसवून ही बाहेर धावत राहील, आणि मी तिला बघून दमेन.”

ती गेली. आठ दिवसांनी मीही पुण्याला आले. माझी मुलगी माझ्यावर नाराज होती. तुला काय गरज होती आई, त्यांचं त्यांनी बघितलं असतं.  खरंच, गप्प बसले असते तर? कदाचित शेजारणीची आई पन्नासाव्या पायरीवरून पडली असती. कदाचित वर पोचली असती आणि राहिलीही असती. विमानात मी हेच उलटसुलट करत बसले.

वर्ष सरायच्या आत मुलीचा फोन आला. शेजारीण निघून गेली. आईकडे, कायमची. नवरा त्याच्या मेंढ्यांचा हंगाम संपला की जाणार. सामान बांधायला फक्त अर्धा दिवस लागला, सगळं बांधलेलंच होतं. तो एक खिळा तेवढा भिंतीत राहिला.

गेल्या थंडीत ती पुण्याला आली. चार दिवस. तिची आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मी दार उघडलं तर तीच टोपी, पण चपला घातलेल्या. यांनी तिला ‘आपण बसा’ असं शुद्ध मराठीत सांगितलं, आणि ती बसली. मी चहा टाकायला आत गेले, बाहेर आले, तरी बसलेली. मला जरा चमत्कारिकच वाटलं.

कसब्यातून तिला पायी फिरवलं. माझी जुनी खोली दाखवली, आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, खडकवासल्याला घेऊन जा. मी म्हटलं, लांब आहे का ते तिला सांगा. हे तिच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, जवळच आहे. स्वारगेटहून बस धरली आणि सिंहगड रोडच्या गर्दीत दीड तास उभ्या. ती माझ्याकडे बघून हसायला लागली ती धरण दिसेपर्यंत.

पाण्याच्या कडेच्या कठड्यावर बसलो. भाजलेली कणसं घेतली. ऊन उतरत होतं. तेव्हा तिनं सांगितलं. दोन वर्षं ती आईजवळ राहिली. पहिले काही महिने गाडी काढून आईला इकडेतिकडे न्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. खिडकीशी दुसरी खुर्ची ठेवली. “तू सांगितलं नसतंस तर मी अजून त्या बागेत उभी राहून फोन करत असते,” ती म्हणाली. “कशी आहेस, मस्त. आणि मग भावाचा फोन आला असता.”

 चौकातला तो पीसीओ माझ्या डोळ्यांपुढे आला.

मग तिनं पिशवीतून ती निळी वही काढली. पेन्सिल अजून दोऱ्यालाच. टेकडीचं पान उघडलं आणि माझ्याकडे सरकवलं. “आता खरं सांग,” म्हणाली.

मी म्हटलं, “आता कशाला गं? तिथं आता कुणाला न्यायचंय?”

“कुणालाच नाही. पण हे चुकीचं लिहिलंय.”

मग मी सांगितलं. चाळिसाव्या पायरीला उजवा गुडघा. सत्तराव्याला डावा. पहिला बाक फार खाली, त्यावरून उठता येत नाही. गिरणीपाशी चढ दिसत नाही पण आहे. किल्ल्यात मी एकदा तुला फोटो काढायला लावला तो फोटोसाठी नव्हे. चौथ्या शनिवारी मला परत फिरायचं होतं. सहाव्या शनिवारी मी गाडीत रडले, तू पेट्रोल भरत होतीस. ती सगळं लिहून घेत होती. ‘दमली नाही’ वर एक एक रेघ मारत, शेजारी नवीन लिहीत. ‘फुलांची आवड आहे’ यावरही रेघ मारली. सगळी पानं व्हायला तासभर लागला.

शेवटी तिनं पेन्सिल तशीच धरून विचारलं, “आणि आत्ता? दमलीस?”

“हो,” मी म्हटलं. “फार.”

तिनं ते लिहिलं. वही मिटली.

“मीही,” ती म्हणाली.

समोरून स्वारगेटची बस आली, थांबली, माणसं घेतली आणि गेली. ती उठली नाही.